पट्टीमावशी आणि पांढरी चिठ्ठी

पट्टीमावशीला मी सुरुवातीला जरा कमीच लेखायचे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की माणूस गेल्यावर सिस्टरना गोड बोलणं सुचलं. मी तोंडाची फटकळ आहे, गोड बोलणं मला कधी जमलं नाही. मावशीला तर त्याहून कमी जमलं.

बाळंतिणींच्या वॉर्डात मी सिस्टर होते. वय तिशीच्या आत, घरी पाच महिन्यांची मुलगी. वॉर्ड तळमजल्यावर, तीस खाटांचा, आणि आत-बाहेर करायला वाट एकच. सरकत्या जाळीचं लोखंडी गेट आणि त्यापुढे अंगणात उतरणाऱ्या दोन पायऱ्या. गेटच्या आतल्या बाजूला लाकडी स्टूल आणि त्या स्टुलावर मावशी. गळ्यात नाडीला बांधलेली छोटी कात्री, भिंतीला तारेचा आकडा, त्यात दिवसभराचे गेटपास टोचलेले. इतक्या वर्षांत दिवसाच्या पाळीला त्या स्टुलावर दुसरं कुणी बसलं ते फक्त सहा महिने. ते का, तेच सांगायचं आहे.

आमच्याकडे आई आणि बाळाला एकाच नंबरची पट्टी बांधायचे, आईच्या मनगटाला एक, बाळाच्या घोट्याला एक. पूर्वी ती कापडी असायची आणि नंबर शाईने लिहिलेला. बाळाला दोनदा पुसून घेतलं की शाई पसरायची, मग आकडा कोणता ते देवालाच ठाऊक. मोठ्या डॉक्टरांपासून सगळ्यांना हे माहीत होतं आणि सगळे म्हणायचे, काहीतरी केलं पाहिजे. केलं ते मावशीने. तिचा नवरा शिंपी. तिने त्याला कामाला बसवलं आणि पांढऱ्या नाडीवर लाल दोऱ्याने नंबर शिवून घेतले, एकेक नंबर दोनदा. गाठ अशी मारायची की कापल्याशिवाय सुटणार नाही, आणि कापायची फक्त गेटवर, घरी जाताना, मावशीच्या कात्रीने.

ज्या बाईला वाचता येत नसे तिचं बोट धरून मावशी त्या दोऱ्यावरून फिरवायची. ‘हा एक, हा सात, हा शून्य. काय नंबर आपला?’ सकाळी विचारायची, दुपारी विचारायची, बाई झोपेत कूस बदलत असली तरी विचारायची. बाया वैतागायच्या. एक तर म्हणाली, ‘मावशी, नवऱ्याचा वाढदिवस विसरेन, पण हा नंबर नाही विसरणार.’ मावशी म्हणाली, ‘नवऱ्याला कोण चोरतंय?’

वॉर्डात बाळ कुणी हातात घेऊन फिरायचं नाही, चाकाच्या पाळण्यातूनच न्यायचं, हाही तिचाच हट्ट. एकदा मोठे डॉक्टर एक बाळ हातावर घेऊन तपासायच्या खोलीकडे निघाले, तर ही स्टुलावरून उठून त्यांच्या आडवी. ‘डॉक्टर, बाळ पाळण्यात.’ डॉक्टर हसले आणि निमूट पाळणा घेऊन आले. मला मात्र तिचा राग यायचा. चार इयत्ता शिकलेली बाई, आम्हाला शिकवते म्हणजे काय.

मग ती शाळामास्तरीण आली. नऊ महिने भरले आणि बाळ पोटातच गेलं. दुसऱ्या दिवशी तिची आई पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं ते गाठोडं घेऊन निघाली, मागून ती भिंतीला धरून. मावशीने नेहमीप्रमाणे अडवलं. मास्तरणीचं मनगट हातात घेतलं, कापड बाजूला केलं, घोट्याची पट्टी बघितली, नंबर मोठ्याने वाचला. कापड जरा जास्तच सरकलं. मास्तरणीला बाळाचं तोंड दिसलं आणि ती तिथेच गेटपाशी मटकन खाली बसली.

मी धावत गेले आणि सगळ्या वॉर्डासमोर मावशीला धुऊन काढलं. ‘मावशी, काळीज आहे की दगड? मेलेलं बाळ कोण चोरून नेणार आहे?’

‘सिस्टर, जिवंत असो नसो, नंबर बघायला नको?’

‘नको. असं बाळ जाताना मी पांढरी चिठ्ठी देत जाईन. ती घ्यायची आणि वाट सोडायची. कापडाला हात लावायचा नाही.’

मावशी गेटच्या बाजूला झाली. ‘बरं, सिस्टर,’ म्हणाली. त्या दिवशी सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मेट्रनबाई म्हणाल्या, ‘तुझ्यात माणुसकी आहे.’ मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप बरं वाटलं.

पण ती चिठ्ठी लिहिणं सोपं नव्हतं. समोर आई रडतेय आणि आपण तिच्या बाळासाठी कागदावर सही करतोय, माझ्या जिवावर यायचं. मग मी एक युक्ती काढली. दर सोमवारी दहा-बारा कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून टेबलाच्या खणात ठेवायच्या. वेळ आली की नंबर टाकायचा आणि द्यायची, वर बघायचं नाही. खणाला कुलूप नव्हतं. चिठ्ठ्यांना कुलूप लावायचं असतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

चारेक महिने असे गेले. मग एक बाई वॉर्डात येऊ लागली. चाळिशीची, साधी, नीटनेटकी. या खाटेवर विचारलं तर त्या खाटेची आत्या, त्या खाटेवर विचारलं तर या खाटेची. आमची समजूत अशी की कुणाची तरी असणारच. ती बायांना पाणी द्यायची, उशा सारख्या करायची. मीही तिला एकदा माझ्या टेबलाशी बसवून चहा दिला होता. चोर म्हटलं की आपण डोळ्यांसमोर कुणीतरी भलतंच आणतो. ही बाई माझ्या मोठ्या बहिणीसारखी दिसायची.

दोनशे चौदा नंबरची बाळंतीण बेकरीत काम करणारी. बावीस-तेवीस वर्षांची, पहिलंच बाळंतपण. मुलगा, दोन दिवसांचा. दुपारी भेटायच्या वेळेत ती अंघोळीला गेली आणि जाताना म्हणाली, ‘आत्या, जरा लक्ष ठेवा हं.’ आत्या शेजारच्याच खाटेवर बसली होती.

ओल्या केसांनी ती परत आली. पाळणा रिकामा. ती ओरडली नाही, माझ्या टेबलापाशी आली आणि साध्या आवाजात विचारलं, ‘सिस्टर, बाळाला तपासायला नेलंय का?’

तो आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. मी म्हणाले, ‘नेलं असेल, थांब.’ मी खोलीत बघून आले, तिथे कुणीच नव्हतं. मग मी गेटकडे पळाले.

‘मावशी, बाळ गेलं का बाहेर कुठलं?’

‘आत्ता एक गेलं. पांढरं. चिठ्ठी होती.’

त्या दिवशी आमच्याकडे एकही बाळ दगावलं नव्हतं. मी काही बोलायच्या आधीच मावशीला माझ्या तोंडावरून कळलं. ती तशीच अनवाणी अंगणात धावली, रस्त्यापर्यंत गेली, कोपऱ्यापर्यंत गेली. म्हातारी होत चाललेली बाई, केस सुटलेले, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातातलं गाठोडं ओढून बघत होती. लोकांनी तिला धरून परत आणलं. पोलीस आले, शोध झाला, पुष्कळ झाला. तो मुलगा सापडला नाही. आजपर्यंत नाही.

मावशी परत आली ती पायरीवर बसून एकच गोष्ट सांगत राहिली. ‘ती रडत होती हो. मी तिला हात धरून दोन पायऱ्या उतरवलं. मी उतरवलं.’

चौकशी दुसऱ्या दिवशी होती. त्याआधी मावशीने मला धुण्याच्या खोलीत बोलावलं. चादरींचे ढीग, साबणाचा वास, आणि ती दाराला पाठ लावून उभी. तिने पोलक्यातून चिठ्ठी काढली. आकड्यातून तिने ती कधी उपसली मला माहीत नाही. नंबराच्या जागी कुणीतरी वेड्यावाकड्या अक्षरात काहीतरी खरडलं होतं. खाली सही माझी, स्वच्छ, वळणदार.

मला रडू फुटलं.

‘रडू नका,’ ती म्हणाली. ‘मला राग येतो. तुमची पोर अजून अंगावर पितेय. ही चिठ्ठी मी दाखवणार नाही.’

‘पण मावशी, मीच तुम्हाला...’

‘चिठ्ठी तुमची खरी. पण गेटवर मी होते. गाठोडं गरम आहे का एवढं तरी बघायला हवं होतं, तिचा हात तर धरला होता ना मी.’ मग म्हणाली, ‘एकच सांगते. मला घरी बसवतील. पण मी परत येणार आणि त्याच स्टुलावर बसणार. मग जिवंत असो, मेलेलं असो, प्रत्येक गाठोडं उघडणार. तेव्हा मध्ये यायचं नाही.’

मी मान हलवली. खोलीबाहेर पडताना मला काय वाटलं ते सांगू? सुटका झाल्यासारखं वाटलं. चौकशीत मोठ्या डॉक्टरांनी तिला विचारलं, ‘चिठ्ठी होती का त्या बाईकडे?’ मावशी म्हणाली, ‘मी मागितलीच नाही. चूक झाली.’ मी तिच्यापासून दोन हातांवर बसले होते, मूग गिळून. बेकरीवाली समोर होती, मनगटावर दोनशे चौदाची पट्टी तशीच. तिने ते शब्द ऐकले आणि मावशीकडे जे बघितलं, ते मी पण बघितलं.

मावशीला सहा महिने घरी बसवलं. त्या सहा महिन्यांत स्टुलावर तीन माणसं आली आणि गेली, घटनेनंतर ते काम कुणाला नको होतं. शेवटी मेट्रनबाईंनीच तिला परत बोलावलं. ती आली, स्टूल पुसलं, कात्री गळ्यात अडकवली, आणि पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाचा खण उघडून उरलेल्या सगळ्या पांढऱ्या चिठ्ठ्या घेऊन गेली. मी मध्ये आले नाही.

बेकरीवालीही यायची. मावशी परतल्यावर वर्षभर दर बुधवारी, मूल गेलं त्या वारी. गेटसमोरच्या बाकावर बसायची आणि मावशीकडे बघत राहायची. मावशी तिला पाणी नेऊन द्यायची, ती घ्यायची नाही. पेला बाकावर तसाच राहायचा. एका बुधवारी ती उठली, जाळीपाशी आली आणि म्हणाली, ‘तुम्हाला झोप लागते का हो?’ मावशी म्हणाली, ‘नाही, बाळा.’ बेकरीवालीने तिच्या तोंडात मारली. मी दहा पावलांवर इंजेक्शनचा ट्रे घेऊन उभी होते. तेव्हा बोलले असते तर चाललं असतं. त्यानंतरच्या कुठल्याही दिवशी चाललं असतं. मी ट्रे घेऊन आत गेले आणि एका बाईला इंजेक्शन दिलं.

मावशी मात्र दिल्या शब्दाला जागली. जन्मून गेलेलं, न जन्मताच गेलेलं, प्रत्येक बाळ ती उघडायची. पण आता गेटवर नाही. गेटशेजारी झाडू-बादल्यांची एक खोली होती, ती तिने रिकामी केली, धुतली, त्यात एक खुर्ची ठेवली. आईला त्या खुर्चीवर बसवायची, स्वतः जमिनीवर बसून बाळ मांडीवर घ्यायची. पायाकडून कापड उघडायची, दोन्ही पट्ट्या शेजारी धरायची, नंबर वाचायची. मग विचारायची, ‘तोंड बघायचंय का? घाई नाही.’ बहुतेक जणी आधी नको म्हणायच्या आणि मग हो म्हणायच्या. मग ती विचारायची, ‘नाव काय ठेवणार होतात?’ पट्टी कापून आईच्या हातात द्यायची. त्या खोलीतून बाया रडत बाहेर यायच्या, पण भिंतीला धरून यायच्या नाहीत.

दोन वर्षांनी ती शाळामास्तरीण परत बाळंतपणाला आली आणि सुखरूप सुटली. एका संध्याकाळी मला म्हणाली, ‘सिस्टर, त्या वेळी तुम्ही मावशींना रागावलात. पण त्यांनी कापड सरकवलं नसतं तर मी माझ्या बाळाला बघितलंच नसतं. तेवढंच बघितलं मी त्याला.’ माझ्या माणुसकीचा हा हिशोब मला कुणी आधी दाखवला नव्हता.

आठ वर्षं गेली. बेकरीवालीला पुन्हा दिवस गेले आणि ती आमच्याकडेच आली. दुसरीकडे का नाही गेली, मी विचारलं नाही. मुलगी झाली, गुटगुटीत, जावळ काळंभोर. तीन दिवस तिने त्या मुलीला क्षणभर नजरेआड केलं नाही, अंघोळीला जाताना पाळणा बरोबर न्यायची. मावशी त्या तीन दिवसांत तिच्या खाटेकडे फिरकली नाही. नंबर पाठ आहे का, एवढंही विचारलं नाही, आणि ते न विचारणं तिला किती जड जात असेल ते मला दिसत होतं. ती निवृत्त व्हायला तेव्हा दोन महिने उरले होते.

घरी जायच्या दिवशी दुपारी बेकरीवाली गेटवर आली. मावशी उठली, कात्री हातात घेतली. त्या दिवशी तिने धुतलेलं, इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं, ते माझ्या आत्ता लक्षात येतंय.

बेकरीवालीने पाळणा मागे ओढला. ‘यांनी नाही,’ ती मला म्हणाली. ‘माझ्या पोरीला यांचा हात लागता कामा नये.’

मावशीने गळ्यातली कात्री काढून माझ्या हातात दिली. ‘सिस्टर, तुम्ही बघा पट्टी,’ म्हणाली आणि स्टुलामागे भिंतीला लागून उभी राहिली. मी ते मनगट धरलं, तो एवढासा घोटा धरला, नंबर वाचला. आत्ता बोल, आत्ता बोल, असं आतून कुणीतरी म्हणत होतं. मी पट्टी कापली. बेकरीवाली मुलीला घेऊन दोन पायऱ्या उतरली आणि मावशी भिंतीपासून मान लांब करून ते बाळ दिसतंय का बघत राहिली. तिला दिसलं नाही, आईने ते छातीशी घट्ट धरलं होतं.

‘नीट वाचलात ना हो दोन्ही?’ मावशीने मला विचारलं. मी हो म्हटलं. ‘मग झालं,’ ती म्हणाली.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी मावशी गेली. छातीचं दुखणं होतं. मी जाऊन आले, चार बायांसारखी बसून आले. आठवड्याने शिंपीकाका माझ्या दारात उभे. हातात नाडीची शिवलेली पिशवी, तळहाताएवढी, चारी बाजूंनी बंद. ‘तिने सांगितलं होतं, सिस्टरना द्या. त्यांना भीती वाटत असेल, कुठे सापडेल म्हणून.’ मी उसवून बघितली. आत चिठ्ठी. एवढ्या वर्षांत पिवळी पडली होती, सही तेवढी ठणठणीत.

‘तुम्हाला माहीत होतं, काका?’

‘पिशवी मीच शिवली ना,’ ते म्हणाले. पाणीसुद्धा न घेता ते गेले.

त्या चिठ्ठीचं मी काहीही करू शकले असते. पण घरात ती आणि मी अशा दोघीच राहायचं, हे मला झेपेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बेकरीत गेले. आता ती बेकरी तिचीच होती. गल्ल्यामागे ती, आणि पिठाच्या पोत्यावर बसून पाय हलवणारी तिची मुलगी. मी म्हटलं, दोन मिनिटं बोलायचंय. तिने मला ओळखलं.

मी सगळं सांगितलं. मास्तरीण, मी केलेली कानउघाडणी, सोमवारच्या सह्या, धुण्याची खोली, चौकशी. काही गाळलं नाही. चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. तिने हात फडक्याला पुसले, चिठ्ठी उचलली, सही बघितली.

‘ही तुमची?’

‘माझीच.’

मला वाटलं, मारेल. मारावं असंच वाटत होतं. तिने चिठ्ठी गल्ल्यावर ठेवून हाताने सपाट केली.

‘म्हणजे त्या उघडून बघणार होत्या,’ ती म्हणाली.

‘त्या नेहमीच बघायच्या. मीच नको म्हणाले.’

‘आता कुठे असतात त्या?’

मी सांगितलं, गेल्या. आज अकरा दिवस झाले.

ती मुलीकडे वळली. मुलगी पोत्यावर पाय हलवत होती, एका पायात चप्पल, एक पाय मोकळा. तिने खाली वाकून तो मोकळा पाय हातात घेतला आणि घोट्यावरून अंगठा फिरवत राहिली, जिथे पट्टी बांधतात तिथे.

‘मी त्यांना हात लावू दिला नाही,’ ती म्हणाली. ‘त्या भिंतीला लागून उभ्या होत्या. हिला बघायचं होतं त्यांना. मी हिचं तोंडसुद्धा दाखवलं नाही.’

मी काहीतरी बोलायला गेले. तिने मान हलवली.

‘सिस्टर, तुम्ही जा आता,’ ती म्हणाली. चिठ्ठी तिने परत दिली नाही.